परतणारे आईबाप, नव्याने येणारी मुले



आजचा आमचा विषय घरगुती आहे, पण तो आता एका घरापुरता राहिलेला नाही. पुणे, नाशिक, सांगली, नागपूर, कोणत्याही गावातली एखादी जुनी आळी किंवा नवी सोसायटी घ्या. ज्या घरातला मुलगा, लेक, पुतण्या किंवा भाची परदेशी आहे असे घर तेथे सापडावयास फार हिंडावे लागत नाही. ही मंडळी तिकडे कशी गेली आणि तेथे काय करतात, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. त्यांतली काही परत येतात, याकडे मात्र आपले लक्ष कमी. जी माणसे पंचविशीत गेली, आठ-दहा वर्षे कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत किंवा जर्मनीतल्या स्टुटगार्टला राहिली, ज्यांना तेथे मुले झाली, आणि जी आता त्या चार, सहा, नऊ वर्षांच्या मुलांची बोटे धरून परत आली, अशा कुटुंबांविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

परत येण्याची कारणे अनेक असतात. कोणाचे आईवडील थकलेले असतात. कोणाला वाटते, मुलांना आजी-आजोबांचा सहवास मिळावा, चार शब्द मराठीत बोलता यावेत. कोणाच्या व्हिसाची मुदत सरते, कोणाची नोकरी जाते, तर कोणाला इकडेच चांगली नोकरी मिळते. कारण कोणतेही असो, निर्णय होतो तो मोठ्यांचा. आणि तो तसाच व्हावयाचा. सहा वर्षांच्या मुलाच्या मताने कोणी बिऱ्हाड हलवीत नाही. तेव्हा मुलांना न विचारता आणले हा आईबापांचा अपराध होय, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे निराळे आहे, आणि ते एका साध्या शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे ‘परत’.

‘आम्ही सगळे परत आलो,’ असे आई सांगते. शेजारीही म्हणतात, ‘अमुक मंडळी परत आली.’ वाक्य सरळ आहे, पण ते निम्मेच खरे आहे. आई परत आली, बाप परत आला. मूल परत आलेले नाही. ज्या जागी आपण पूर्वी राहिलोच नाही, तेथे परत येता येत नाही. मूल येथे पहिल्यांदा आले आहे. मधून मधून सुट्टीत तीन आठवडे आले असेल, पण ते पाहुणा म्हणून. आणि येताना ते आपले घर सोडून आले आहे. आईबापांचे स्थलांतर आज संपले, मुलाचे आज सुरू झाले. एकाच विमानातून उतरलेल्या चार माणसांपैकी दोघे घरी पोचले आहेत आणि दोघे परदेशी आले आहेत. एवढे आपण लक्षात घेतले, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. नाही घेतले, तर मुलाच्या रडण्याला आपण हट्ट म्हणतो आणि गप्प बसण्याला शिष्टपणा.

हा प्रसंग आपल्याला अगदीच नवा आहे असेही नाही. महाभारताच्या आदिपर्वात तो आलेला आहे. पंडुराजा राज्य सोडून वनात गेला आणि शतशृंग पर्वतावर राहिला. पाचही पांडव तेथे, ऋषींच्या सहवासात जन्मले. पंडू गेला, माद्रीने सहगमन केले, आणि मग तेथले ऋषी कुंतीला व पाच मुलांना घेऊन हस्तिनापुरास आले. कुंती परत आली. तिने ते नगर पाहिलेले होते; ती तेथली राणी होती. पण धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हे हस्तिनापूर प्रथमच पाहत होते. नगरातले लोक वेशीपाशी लोटले, आणि काय म्हणाले? कोणी म्हणाले, ही पंडूची मुले. कोणी म्हणाले, नव्हेत. कोणी विचारले, पंडूला जाऊन इतके दिवस झाले, मग ही त्याची कशी? स्वागताबरोबर चौकशी सुरू झाली. पुढे चुलत भावांचे खेळ सुरू झाले. भीम झाडावर चढलेल्या कौरवांना झाड हलवून खाली पाडी, पाण्यात दाबून धरी. रानात वाढलेल्या मुलाचा दांडगा खेळ तो. राजवाड्यात वाढलेल्यांना तो अपमान वाटला. पुढची कथा आपणांस ठाऊकच आहे. महायुद्धाचे सगळे मूळ त्या झाडावर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु बाहेर वाढलेली मुले घरात आली असता, घरच्या मुलांचा आणि त्यांचा मेळ कसा बसतो आहे इकडे वडीलधाऱ्यांनी वेळीच पाहिले नाही, तर खेळातले भांडण खेळात राहत नाही, एवढे त्यातून खचित दिसते.

आता थोडे अभ्यासकांकडे वळू. परक्या देशात माणूस कसा रुळतो याचा विचार गेल्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेऊन लिसगार्ड या अभ्यासकाने १९५५ साली असे दाखविले, की प्रथम उत्साह असतो, मग काही महिन्यांनी मन खाली जाते आणि नंतर हळूहळू वर येते. चित्र काढले तर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे दिसते. १९६३ साली गलाहॉर्न पति-पत्नींनी त्यात भर घातली. माणूस मायदेशी परततो तेव्हा हाच उतार-चढाव पुन्हा एकदा होतो, म्हणून चित्र ‘यू’चे नव्हे तर ‘डब्ल्यू’चे आहे, असे त्यांनी मांडले. त्याही आधी, १९४५ साली, आल्फ्रेड शुट्झ या समाजचिंतकाने घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला होता. त्याचा आशय असा, की परक्या गावात जाणाऱ्याला ठाऊक असते की तेथे सारे अनोळखी असणार. घरी येणाऱ्याला मात्र सारे ओळखीचे असेल असे वाटत असते, आणि म्हणून त्याला धक्का अधिक बसतो. घरही बदललेले असते आणि तोही.

हे सारे मोठ्यांना लागू आहे. पुण्याला परतलेला बाप लक्ष्मी रस्त्यावर उभा राहून ‘हे ते पुणे नव्हे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात एक जुने पुणे असते, त्याच्याशी तो ताडून पाहतो. मुलाच्या मनात ताडून पाहावयास कोणतेच जुने पुणे नसते. त्याच्या मनात असते ती स्टुटगार्टमधली ट्राम, शाळेची पिशवी पाठीवर टाकून एकट्याने चालत जाण्याचा रस्ता आणि शेजारचा मित्र. म्हणजे एकाच घरात दोन निरनिराळी दुःखे नांदत असतात. बाप हळहळतो तो आपले जुने गाव हरवले म्हणून. मुलगा रडतो तो आपले आताचे गाव सुटले म्हणून. दोघांनाही वाटते, समोरच्याला आपले कळत नाही. आणि ते बरोबरच असते.

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, लहान मुलांचे काय घेऊन बसलात! चार महिन्यांत रुळतात.’ हे खरे आहे. मुले लवकर रुळतात. पण लवकर रुळणे म्हणजे काय, हेही पाहावयास हवे. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ या वयात फ्रेंच कुटुंबांनी दत्तक घेतलेली माणसे मोठेपणी तपासली. त्यांना कोरियन वाक्ये ऐकविली, मेंदूची छायाचित्रे घेतली. जी भाषा ती लहानपणी बोलत होती, ती त्यांना इतर परक्या भाषांहून वेगळी म्हणून ओळखूही आली नाही. दत्तक जाणे आणि आईबापांबरोबर येणे यांत फार अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाचे मन नवे जितके झपाट्याने घेते, तितक्याच झपाट्याने जुने सोडू शकते. चार महिन्यांत मूल मराठी बोलू लागले म्हणून आपण पेढे वाटतो. त्याच चार महिन्यांत त्याच्या जिभेवरून जर्मन निसटू लागलेली असते, आणि तिच्याबरोबर त्याच्या आयुष्याची पहिली सहा वर्षे ज्या शब्दांत साठविली होती ते शब्दही. हा व्यवहार फुकटचा नाही.

आता मूल येथे आल्यावर त्याला नेमके काय शिकावे लागते ते पाहा. आपल्याला त्यातले काहीच शिकण्यासारखे वाटत नाही, कारण आपण ते कधी शिकलो हेच आठवत नाही.

पहिली गोष्ट नात्यांची. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला बापाचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा हे सारे एकच, ‘अंकल’. येथे काका निराळा, मामा निराळा. मामाकडे हट्ट चालतो, काकांपुढे जरा बेताने वागावे लागते. चुलत, मामे, आते, मावस हे सगळे भाऊच. पण मामेभाऊ कोण आणि आतेभाऊ कोण हे सांगता आले नाही की मंडळी हसतात. इरावतीबाई कर्व्यांनी भारतातील नातेव्यवस्थेवर १९५३ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. जे समजावयास विद्वानांना ग्रंथ लागतो, ते या मुलाने गणपतीच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या पंगतीत समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते!

दुसरी गोष्ट संबोधनाची. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. मराठीत पुष्कळ घरांत आजीला ‘अगं आजी’ चालते, आजोबांना मात्र ‘अहो’ लागते. वडिलांना काही घरांत ‘अरे बाबा’, काही घरांत ‘अहो बाबा’. घरी कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणावयाचे. हे नियम कोठे लिहिलेले नाहीत. मूल आजोबांना ‘तू ये’ म्हणते, आणि आत्या दचकते.

तिसरी गोष्ट अंकांची. अमेरिकेतून आलेल्या मुलाला एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणजे कोडीच वाटतात. तीसला एक कमी असे म्हणून एकोणतीस सांगणारी भाषा त्याला उफराटी वाटते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे आपणांस आठवत असेल. येथल्याच मुलांना ज्याची अडचण वाटते म्हणून शिक्षणतज्ज्ञांना उपाय सुचवावे लागले, त्यात बाहेरून आलेले मूल अडखळले तर नवल काय? गंमत अशी, की जर्मनीहून आलेल्या मुलाला येथे थोडी सवलत मिळते. जर्मन भाषेत पंचवीसला ‘पाच-आणि-वीस’ असेच म्हणतात, अगदी आपल्या पंचवीससारखे. एखाद्या गुरुजींनी एवढेच त्याला दाखवून दिले, तर ते मूल वर्गात मान वर करून बसेल. त्याने आणलेले काहीतरी येथे उपयोगी पडले, हे त्याला कळेल.

चौथी गोष्ट मोकळेपणाची. येथे येण्यात मुलांना मिळते तेही पुष्कळ. संध्याकाळी इमारतीखाली दहा-बारा मुले आपोआप जमतात. भेटीसाठी आईबापांनी आठवडाभर आधी दिवस ठरवावा लागत नाही. कोणाच्याही घरात शिरून पाणी मागता येते. पण जर्मनीत सहा-सात वर्षांची मुले एकेकटी शाळेत चालत जाताना सर्रास दिसतात. त्या मुलाला येथे रस्ता ओलांडावयास आजोबांचा हात धरावा लागतो. घरांत मोकळीक वाढते, रस्त्यावर कमी होते. मोठ्यांना हा हिशेब सरळ वाटतो. मुलाला मात्र आपण अचानक लहान झालो असे वाटते.

या सर्वांवर आणखी एक भार असतो, तो परीक्षेचा. आलेला प्रत्येक नातेवाईक मुलाची परीक्षा घेतो. ‘शुभंकरोति म्हणून दाखव.’ ‘तुला तिखट चालतं का रे?’ त्याच्या उच्चारांची नक्कल होते. प्रेमाने होते, पण होते. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न आपण अगदी सहज विचारतो: ‘काय, इंडिया आवडला की अमेरिका?’ या प्रश्नाला मुलाने काय उत्तर द्यावे? येथले नाव घेतले तर मागे राहिलेल्या मित्राशी बेइमानी, तेथले घेतले तर समोर बसलेल्या आजीचा हिरमोड. मोठ्या माणसाला आपण कधी ‘माहेर आवडते की सासर’ असे चारचौघांत विचारीत नाही. मुलाला मात्र रोज विचारतो.

आता अशी मुले पुढे कशी होतात, हा प्रश्न. त्याला एकच उत्तर नाही. आपल्याच इतिहासातली दोन माणसे पाहू.

इरावतीबाईंचा उल्लेख मघाशी आलाच. त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातील मिंज्यानचा. तेथल्या ऐरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास पाठविले. त्या हुजूरपागेत शिकल्या, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. मराठी समाजाचा, नात्यागोत्यांचा, वारीचा इतका जिव्हाळ्याने शोध घेणारी ही बाई जन्माने समुद्रापलीकडची होती, आणि जन्मभर एका परमुलखातल्या नदीचे नाव अंगावर वागवीत होती. ते नाव कोणी बदलले नाही. ‘युगान्त’ या १९६७ सालच्या पुस्तकात त्यांनी महाभारतातील माणसांचा जो विचार केला, त्यात कुंतीवरही एक प्रकरण आहे.

दुसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचे. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा मुलगा १९१८ साली वडिलांबरोबर अमेरिकेस गेला. धर्मानंद हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाचे संपादन करीत होते. मुलगा केंब्रिजच्या शाळेत शिकला, तेथल्या बालवीरांत सामील झाला. १९२४ साली तो भारतात आला, १९२६ साली पुन्हा अमेरिकेस गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन कायमचा परतला. बाप मराठीत लिहिणारा. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी मराठीतच लिहिला. मुलाचे मुख्य लेखन इंग्रजीत झाले. पण याच मुलाने पुढे पुण्याच्या आसपासची टेकाडे, घाट, खेड्यांतल्या देवींची ठाणी पायी तुडविली आणि त्यांतून भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. त्यांचे ‘मिथ अँड रिॲलिटी’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. बाहेर वाढलेल्याला घरच्या म्हसोबाकडे नव्या कुतूहलाने पाहता आले.

या दोघांची उदाहरणे देऊन, परदेशी वाढलेले प्रत्येक मूल विद्वान होते असे आम्हांस सुचवावयाचे नाही. सुचवावयाचे आहे ते एवढेच, की बाहेरचे जे घेऊन आले ते पुसून टाकावे लागले नाही, म्हणून त्यांचा मराठी मातीशी संबंध उणा झाला नाही. उलट तो डोळसपणे जोडला गेला.

या बाबतीत जपानचा अनुभव शिकण्यासारखा आहे. जपानी कंपन्यांची माणसे जगभर पसरली, आणि त्यांची मुले परतू लागली. त्यांना ‘किकोकु शिजो’ म्हणजे परतलेली मुले असे नावच पडले. प्रथम शाळांची वृत्ती अशी, की या मुलांवरचा परदेशी थर काढून टाकावा. त्यासाठी ‘परदेशीपणा सोलणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. कांद्याची साल सोलावी तसे मूल सोलावयाचे! मग विचार बदलला. १९७८ साली टोकियोत अशा मुलांना सामावून घेण्याच्या हेतूने इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे हायस्कूल निघाले. विद्यापीठांनी त्यांच्यासाठी प्रवेशाच्या वेगळ्या वाटा ठेविल्या. १९९० साली रॉजर गुडमन या अभ्यासकाने तर असे दाखविले, की ज्यांची कीव केली जात होती ती मुले आता मानाची ठरत आहेत. मुले तीच होती. समाजाची नजर बदलली.

योगायोग असा, की परदेशी वाढणाऱ्या मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे आज जगभर रूढ झालेले नाव ज्यांनी दिले, त्या रूथ यूसीम यांना ती कल्पना सुचली ती भारतात. त्या व त्यांचे पती जॉन यूसीम १९५०च्या दशकात येथे राहिले. पाश्चात्त्य शिक्षण घेऊन परतलेल्या भारतीयांवर त्यांनी १९५५ साली पुस्तक लिहिले, आणि येथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचाही अभ्यास केला. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत वाढणारी तिसरी. ही मधली जागा म्हणजे त्रिशंकूची अवस्था नव्हे. तीही एक राहण्याची जागा आहे, फक्त तिला पत्ता नाही.

पत्त्यावरून कायद्याची गोष्ट निघते. अमेरिकेत जन्मलेली मुले बहुधा तेथल्या पासपोर्टावर येतात. आपल्या १९५५ सालच्या नागरिकत्व कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. २००५ साली दुरुस्ती झाली आणि ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही सोय सर्वत्र मिळू लागली. नावात नागरिक असला तरी तो नागरिक नव्हे. त्याला येथे आजन्म राहता येते, पण मतदान करता येत नाही. शेतजमीन वारसाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. मार्च २०२१च्या अधिसूचनेने वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा प्रवेशांत त्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्वलक्षी प्रभावाने लावता येणार नाही असा निर्णय दिला. चार वर्षांचे मूल घेऊन येणाऱ्या आईबापांना हे दूरचे वाटते. पण ज्याला आपण ‘आता तू इथलाच’ असे रोज सांगतो, त्याला अठराव्या वर्षी कागद सांगतो की तू इथला, पण पुरता नव्हेस. तेव्हा हे आधी समजून घ्यावे, आणि मुलगा समजत्या वयाचा झाला की त्यालाही सांगावे. ते त्याला एखाद्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना कळू नये.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो.

आईबापांनी मुलाला निघण्यापूर्वी खरे सांगावे. ‘आपण घरी चाललो,’ एवढेच न सांगता, ‘आपण माझ्या घरी चाललो आहोत, तुझे घर सोडीत आहोत, आणि तेथे मिळून नवे घर करणार आहोत,’ असे सांगावे. मित्रांचा, शिक्षकांचा, खोलीचा निरोप नीट घेऊ द्यावा. वेळ साधावी. अमेरिकेतल्या शाळा मे-जूनमध्ये सुटतात आणि आपल्या राज्यमंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास भरतात. लगोलग आले तर मुलाची सारी सुट्टी सामानाच्या खोक्यांत जाते. शक्य असेल तर शाळा भरण्यापूर्वी महिना-दोन महिने येऊन राहावे, म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात निदान एक चेहरा ओळखीचा असेल. तिकडची भाषा मुद्दाम जपावी. पाहुण्यांपुढे मिरविण्यासाठी नव्हे, तर ती त्याची आहे म्हणून. ज्या आईबापांनी परदेशी असताना रविवारची मराठी शाळा चालविली, उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छायेखाली मुलांना देवनागरी गिरविण्यास लावले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. तेथे मराठी जपली तशीच येथे ती भाषा जपावयाची.

आजी-आजोबांना एक विनंती. आपण वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते, आणि मूल धावत मांडीवर येत नाही. त्याचे वाईट वाटणे साहजिक आहे. पण मोबाइलच्या काचेतून त्याने आपला चेहरा पाहिलेला आहे, आपली मांडी पाहिलेली नाही. त्याला म्हणून दाखवावयास न सांगता बरोबर कामाला घ्यावे. मटार सोलावेत, कुंड्यांना पाणी घालावे, मंडईत न्यावे. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते. भाषा कामाच्या पाठोपाठ येते, परीक्षेच्या पाठोपाठ येत नाही.

शाळांनाही सांगणे आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण जो मुलगा चौथीत येऊन प्रथमच ‘क’ गिरवितो, त्याच्या हाती पहिलीचे पुस्तक देऊन मागच्या बाकावर बसविणे म्हणजे शिकविणे नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाची समज नऊ वर्षांचीच असते, अक्षरे तेवढी सहा वर्षांची असतात. आधी बोलणे, मग वाचणे, मग लिहिणे, आणि सोबतीला वर्गातला एक दोस्त, इतके जरी केले तरी पुष्कळ.

आणि आपण शेजारी. आपले काम सर्वांत सोपे. एक प्रश्न विचारावयाचा नाही, आणि एक विचारावयाचा. ‘कुठले आवडते?’ हे विचारू नये. ‘तुझ्याकडे हे कसे करतात?’ हे जरूर विचारावे.

शेवटी एक अवघड गोष्ट. काही कुटुंबे दोन-तीन वर्षांनी पुन्हा तिकडे जातात. त्यांच्यामागे आपण म्हणतो, ‘टिकले नाहीत.’ ही भाषा सोडली पाहिजे. परत येणे हे पुण्यकर्म नव्हे आणि पुन्हा जाणे हे पाप नव्हे. मुलाच्या दृष्टीने ते आणखी एक स्थलांतर आहे, आणि त्याला निरोप देणारे कोणीतरी येथे असावे, एवढेच आपल्या हाती आहे.

मूल रुळले हे ओळखावयाचे कसे, असे पुष्कळ आया विचारतात. गुणपत्रिकेवरून ते कळत नाही. मराठीत ‘आमच्याकडे’ असा एक छान शब्द आहे. आलेले मूल प्रथम म्हणते, ‘आमच्याकडे असं नसतं,’ आणि त्याचा अर्थ तिकडे असा असतो. ऐकणारी काकू खट्टू होते. तिने होऊ नये. काही काळाने तेच मूल फोनवर तिकडच्या मित्राला त्याच्या भाषेत सांगते, ‘आमच्याकडे पाऊस सुरू झाला,’ आणि तो पाऊस इथला असतो. त्यानंतरही ते कधी तिकडच्या बर्फाविषयी ‘आमच्याकडे’ म्हणेल. म्हणू द्यावे. दोन्ही गावे त्याची आहेत, आणि त्यांतले एक कमी केल्याने दुसरे अधिक त्याचे होत नाही.